पीसीआरमध्ये नक्कल कुठे थांबायची, हे कोण ठरवतं?

जीवशास्त्रवाली
नमस्कार. मी नागपुरात बारावीला जीवशास्त्र शिकवते. जैवतंत्रज्ञानाच्या प्रकरणात पीसीआर येतं, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य नकला करायची पद्धत. तीन पायऱ्या मुलांना तोंडपाठ असतात. ९४-९५ अंशांना डीएनएचे दोन पदर सुटे होतात, ५० ते ६५च्या दरम्यान प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, ठरलेल्या जागी चिकटतात, ७२ अंशांना टॅक पॉलिमरेज हे एन्झाइम तिथून पुढे नवा पदर तयार करतं, आणि हेच चक्र तीसेक वेळा. परीक्षेत एवढं लिहिलं की पूर्ण गुण.

पण वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, सुरुवात कुठून करायची ते प्रायमरमुळे ठरतं. मग थांबायचं कुठे, हे एन्झाइमला कोण सांगतं?" प्रश्न अगदी रास्त आहे. माणसाच्या एकेका गुणसूत्रात कोट्यवधी बेस, म्हणजे डीएनएची अक्षरं, सलग असतात. टॅकला समाप्तीची कुठलीही खूण वाचता येत नाही. तरीही शेवटी हाती येतो तो दोनशे-तीनशे बेसचा नेमका तुकडा, दोन्ही टोकं ठरलेली. बऱ्याच आकृत्यांमध्ये तो पहिल्याच चक्रात तसा दाखवलेला असतो आणि मुलांचा गोंधळ तिथेच होतो असं माझं मत आहे.

ज्यांनी हे काम स्वतःच्या हातानं केलंय त्यांनी कृपया सांगावं. वर्गात मला अर्धवट उत्तर द्यायचं नाही.

मिहानचा_संजू
सोपं आहे नं मॅडम. मशीनमध्ये वेळ टाकलेला असते. तीस सेकंद झाले की तापमान पुन्हा ९५, एन्झाइम सुटलं, काम थांबलं. टायमर ठरवते.

पिपेटवाली
संजूभाऊ, टायमरनं ठरत असतं तर आम्हाला जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरावर, पट्टी दिसलीच नसती. कुठला पदर २१० बेसवर थांबला असता, कुठला ३८० वर, कुठला ९०० वर. सगळ्या लांब्यांची सरमिसळ झाली की जेलवर नुसता लांबच लांब पुसट डाग दिसतो, त्याला आम्ही स्मिअर म्हणतो. प्रत्यक्षात दिसते ती एक बारीक, स्वच्छ पट्टी.

दुसरं असं की टॅकचा वेग बऱ्यापैकी असतो. हजार बेसला एक मिनिट, हा आमच्याकडचा सावध हिशेब. दोनशे बेसचा तुकडा हवा असेल तर तीस सेकंद म्हणजे गरजेपेक्षा जास्तच झाले. तीसचे साठ सेकंद करून बघा, पट्टी जागच्या जागीच राहते. तेव्हा मुख्य उत्तर टायमर नाही.

पेशीवेधी
पिपेटवाली बरोबर आहेत. मॅडम, तुमच्या विद्यार्थिनीला आधी एवढंच सांगा की पहिल्या चक्रात नक्कल ठरल्या जागी थांबतच नाही. तुकडा नेमका होतो तो तिसऱ्या चक्रापासून, आणि तो होतो कारण प्रायमर दोन असतात व समोरासमोर तोंड करून बसतात. आत्ता लॅबमध्ये आहे, रात्री सविस्तर लिहितो.

जीवशास्त्रवाली
वाट बघते सर. "थांबतच नाही" हे वाचूनच बरं वाटलं, कारण मला तेच वाटत होतं.

अंबाझरी_वॉकर
विषय निघालाच आहे तर विचारतो. कोरोनात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरत होता, की पीसीआर शोधणाऱ्या कॅरी मुलिस यांनी स्वतः म्हटलंय, ही चाचणी कोरोनाच्या निदानासाठी नाहीच. त्यात तथ्य किती?

इतिहासवाचक
काका, मुलिस यांचं निधन ऑगस्ट २०१९ मध्ये झालं. कोरोना विषाणू डिसेंबरमध्ये समोर आला. त्यांनी त्याबद्दल काही म्हटलेलं असणं शक्यच नाही.

एचआयव्हीमुळे एड्स होत नाही असं मात्र ते जाहीरपणे म्हणत. ते मत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचं होतं. त्या काळातली त्यांची वाक्यं उचलून कोरोनाला चिकटवली गेली. माणसानं एक थोर गोष्ट शोधली म्हणून त्याचं प्रत्येक मत खरं ठरत नाही.

पिपेटवाली
आणि पीसीआर निदानासाठी नाही म्हणणाऱ्यांना सांगावंसं वाटतं की पीसीआरची जगाला पहिली ओळख झाली तीच निदानातून. डिसेंबर १९८५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात सैकी आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. मुलिस त्या लेखकांपैकी एक. त्यांनी बीटा ग्लोबिन जनुकाचा ११० बेस जोड्यांचा तुकडा वाढवला. कशासाठी, माहीत आहे? सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार ओळखण्यासाठी. विदर्भातल्या माणसाला तरी हे ठाऊक असायलाच हवं.

सिस्टरबाई_सक्करदरा
हे मला माहीत नव्हतं गं. वाचून अंगावर काटा आला.

माझी सगळी नोकरी सिकलसेलच्या पेशंटमध्ये गेली. आधी गडचिरोलीकडे, मग नागपुरात. सांधे धरून रडणारी लेकरं, वारंवार रक्त चढवणं, तपासणीला एसटीनं येणाऱ्या बाया. आमच्याकडे पहिली चाचणी सोल्युबिलिटीची. त्यात रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच कळतं. वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी, केल्यावर कळतं. नवरा-बायको दोघं वाहक निघाले की दर गरोदरपणी चारात एक शक्यता असते बाळ रुग्ण असण्याची.

मग त्या जोडप्याचा प्रश्न ठरलेला, "सिस्टर, पोटातल्या बाळाचं आत्ताच कळेल का?" तिथे हिमोग्लोबिनच्या चाचणीवर भागत नाही, कारण गर्भात मुख्यतः वेगळंच हिमोग्लोबिन असतं. तेव्हा डीएनएच बघावा लागतो. अकराव्या आठवड्याच्या सुमारास वारेतला बारीक नमुना काढतात, त्यावर तपासणी. त्यात पीसीआर असतं एवढं ऐकून होते, पण आत काय चालतं ते मला कोणी समजावून सांगितलं नाही. मॅडमच्या प्रश्नाच्या निमित्तानं आता समजून घेईन.

पिपेटवाली
सिस्टर, मी सांगते. सिकलसेलमध्ये बीटा ग्लोबिनच्या जनुकात एकच बेस बदललेला असतो. सहाव्या कोडॉनमध्ये, म्हणजे तीन बेसच्या सहाव्या गटात, जीएजीच्या जागी जीटीजी. त्यामुळे ग्लुटामिक ॲसिडच्या ठिकाणी व्हॅलिन येतं, आणि ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्याच्या आकाराची होते.

हा एक बेस पकडायच्या दोन पद्धती सांगते. पहिली, पीसीआरनं तेवढाच भाग वाढवायचा आणि मग कापणारं एन्झाइम घालायचं. ते ठरावीक क्रम दिसला तरच कापतं. त्या एका बेसच्या बदलामुळे कापायची जागा नाहीशी होते. निरोगी तुकडा कापला जातो, सिकलचा अखंड राहतो, वाहकाकडे दोन्ही दिसतात.

दुसरी मला जास्त आवडते. तिथे प्रायमरच असा बनवतात की त्याचं शेवटचं टोक, ज्याला पुढे बेस जोडले जातात ते, बरोबर बदललेल्या बेसवर येतं. टोक जुळलं तर टॅक पुढे जातं. नाही जुळलं तर टॅकला तिथून पुढे जाणं फार कठीण होतं. दोन नळ्या लावायच्या, एकीत निरोगी क्रमाचा प्रायमर, दुसरीत सिकलचा. कुठल्या नळीत पट्टी येते ते बघायचं.

वारेच्या नमुन्यात आईच्या पेशी मिसळलेल्या नाहीत ना, हे वेगळं तपासावं लागतं. ते केल्याशिवाय रिपोर्ट देऊ नये, कारण पीसीआर आईच्या डीएनएच्याही तितक्याच इमानेइतबारे नकला करतं.

सिस्टरबाई_सक्करदरा
किती नीट सांगितलंस बाई. हे सोप्या मराठीत छापून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लावलं पाहिजे. २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे, २०४७ चं उद्दिष्ट आहे. पण माणसाला चाचणी कळली तर तो ती करून घेईल ना.

काटोलकर
माणसाचं झालं, झाडाचं पण होते का हे? आमच्या संत्र्याची काही झाडं पिवळी पडून राहिली. कोणी म्हणते जस्त कमी आहे, कोणी म्हणते ग्रीनिंग. कृषी केंद्रवाला दर वेळी नवी बाटली देते. पीसीआर केल्याशिवाय ग्रीनिंग समजत नाही म्हणतात, ते काऊन?

मिहानचा_संजू
काटोलकर भाऊ, आधी आंबिया बहाराची पेटी पाठवा, मग सांगतो 😀

पेशीवेधी
काटोलकर, तुमचा प्रश्न चांगला आहे. ग्रीनिंगचा जिवाणू झाडाच्या अन्नवाहिन्यांमध्ये राहतो. इतर जिवाणूंसारखा तो प्रयोगशाळेत थाळीवर सहज वाढवता येत नाही. म्हणजे नमुना घेतला, वाढवला, ओळखला, हा नेहमीचा रस्ता बंद. मग त्याच्या डीएनएचा एखादा तुकडाच शोधावा लागतो. पानातल्या झाडाच्या अफाट डीएनएमध्ये जिवाणूचा डीएनए अगदी थोडा असतो. फक्त त्याच्यावर बसणारे प्रायमर टाकले की तेवढाच वाढतो. जिवाणू नसेल तर काहीच वाढत नाही.

डोळ्यांनी एक अंदाज घेता येतो. जस्ताच्या कमतरतेत मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पिवळेपणा सारखा असतो. ग्रीनिंगमध्ये दोन बाजूंचे चट्टे जुळत नाहीत. पण हा अंदाजच. नागपुरात अमरावती रोडला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथे विचारा. बाटल्यांवर पैसे घालण्याआधी विचारा.

काटोलकर
बरं झालं सांगितलं. चट्टे जुळत नाही आहेत, आत्ताच जाऊन पाहून आलो.

उन्हाळा_पंचेचाळीस
मला टॅकबद्दल लिहायचंय. मे महिन्यात आपण नागपूरकर ४५ अंशांत बर्डीवर खरेदी करतो म्हणून स्वतःला चिवट समजतो. टॅकचा मूळ मालक थर्मस अॅक्वाटिकस हा जिवाणू ७० अंशांच्या पाण्यात सुखानं राहतो 😀

अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांमध्ये थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांना तो १९६६ मध्ये सापडला. त्यांनी १९६९ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. १९७६ मध्ये एलिस चिएन आणि सहकाऱ्यांनी त्यातून पॉलिमरेज वेगळं काढलं. तेव्हा पीसीआर हा शब्दही नव्हता. इतक्या उकळत्या पाण्यात जगतं तरी कोण, एवढ्याच कुतूहलापायी केलेलं हे काम. "याचा उपयोग काय" असं विचारून कोणी त्यांचं अनुदान अडवलं असतं तर? मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे मूलभूत संशोधन करणाऱ्या पोरांना रोज हाच प्रश्न विचारला जातो.

१९८५च्या त्या सिकलसेलच्या निबंधात टॅक नव्हतंच. ई-कोलाय या जिवाणूचं पॉलिमरेज वापरलं होतं, ३७ अंशांवर काम करणारं. ९५ला तापवलं की ते मरायचं. म्हणून दर चक्राला झाकण उघडून नवं एन्झाइम घालावं लागे. टॅक वापरलेला निबंध १९८८चा. त्यानंतर झाकण एकदा लावलं की शेवटपर्यंत उघडायचं कारण उरलं नाही.

इतिहासवाचक
श्रेयाबद्दल एक मुद्दा. मुलिस यांना १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात रात्री गाडी चालवताना कल्पना सुचली, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. १९९३चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मायकेल स्मिथ यांच्याबरोबर मिळालं. पण हरगोविंद खुराना यांच्या प्रयोगशाळेतून १९७१ मध्ये क्लेप्पे आणि सहकाऱ्यांचा निबंध आला होता. दोन प्रायमर आणि पॉलिमरेज घेऊन डीएनएची नक्कल पुन्हा पुन्हा करता येईल, ही कल्पना त्यात मांडलेली आहे. रायपूर नावाच्या पंजाबातल्या खेड्यात जन्मलेल्या आपल्या माणसाचं नाव या संदर्भात कोणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पेशीवेधी
खुरानांबद्दल मला अतोनात आदर आहे, पण इथे मतभेद नोंदवतो. १९७१ मध्ये प्रायमर बनवणं हेच महिनोन्‌महिन्यांचं काम होतं. जनुकांचे क्रम वाचायची सोय नव्हती, मग कुठल्या क्रमाचा प्रायमर बनवणार? कल्पना कागदावर होती. माणसाच्या अख्ख्या जीनोममधून एक तुकडा उचलून लाखो पटींनी वाढवून दाखवला तो सीटस कंपनीतल्या लोकांनी. तेही एकट्या मुलिस यांनी नाही. सैकी, शार्फ, फलूना, एर्लिक, आर्नहाइम, हॉर्न या सगळ्यांची मेहनत त्यात आहे.

इतिहासवाचक
मेहनतीबद्दल वाद नाही. ड्यूपाँट कंपनीनं याच १९७१च्या निबंधाच्या आधारे सीटसच्या पेटंटला न्यायालयात आव्हान दिलं होतं आणि १९९१ मध्ये ज्यूरीनं निकाल सीटसच्या बाजूनं दिला, हेही मला ठाऊक आहे. पण पेटंट कोणाचं हा एक प्रश्न आणि कल्पना आधी कोणी मांडली हा दुसरा. शाळेत दोन्ही नावं सांगावीत, माझी मागणी एवढीच.

जीवशास्त्रवाली
मी सांगेन. दोन्ही.

अंबाझरी_वॉकर
अजून एक जुना प्रश्न. २०२१ मध्ये सोसायटीत लोक एकमेकांना सीटी व्हॅल्यू विचारायचे. माझी १८, शेजाऱ्यांची २८. घरी मीच बरा आणि ते मेडिकलमध्ये भरती. मग या आकड्याचा अर्थ काय?

पिपेटवाली
काका, कोरोनाचा विषाणू आरएनएचा. टॅकला डीएनए लागतो. म्हणून आधी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाच्या एन्झाइमनं आरएनएवरून डीएनए बनवतात. हे एन्झाइम १९७० मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधलं. मग नेहमीचं पीसीआर, फक्त नळीत एक चमकणारं रसायन असतं आणि मशीन दर चक्राला चमक मोजतं. चमक ठरलेल्या रेषेच्या वर कितव्या चक्राला गेली, ती तुमची सीटी व्हॅल्यू. सुरुवातीला माल जास्त असेल तर कमी चक्रांत रेषा ओलांडली जाते. दहा चक्रांचा फरक म्हणजे कागदावर १०२४ पट फरक.

पण हा फरक त्या नळीतला. नाकात काडी किती आत गेली, नमुना किती वेळ उन्हात राहिला, कुठलं किट वापरलं, आजाराचा कितवा दिवस होता, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. म्हणून पॉझिटिव्ह-निगेटिव्हसाठी आयसीएमआरनं ३५ची मर्यादा सांगितली, पण आकड्यावरून आजाराची तीव्रता ठरवू नका असंही सांगितलं. तुमचे शेजारी भरती झाले ते शरीरानं दिलेल्या प्रतिसादामुळे.

आपल्या नागपूरच्या नीरीचं, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचं, नाव इथे घ्यायलाच हवं. डॉ. कृष्णा खैरनार यांच्या चमूनं मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांची पद्धत काढली, मे २०२१ मध्ये तिला आयसीएमआरची मान्यता मिळाली. पंधरा सेकंद गुळणी करून नळीत थुंकायचं. लॅबमध्ये तो नमुना नीरीच्या खास द्रावणात अर्धा तास ठेवून तापवला की आरएनए पीसीआरला तयार. आरएनए शुद्ध करण्याचं महागडं किट लागत नाही. ज्या दिवसांत किटची टंचाई होती, त्या दिवसांत हे नागपुरात झालं.

अंबाझरी_वॉकर
इतकी वर्षं मनात होतं, आज उलगडलं. धन्यवाद ताई.

पेशीवेधी
आता मूळ प्रश्न. नागपूरकरांसाठी नागपूरचाच रस्ता घेतो.

समजा झिरो माईल ते व्हरायटी चौक एवढाच रस्ता आपल्याला हवा आहे. मूळ रस्ता दोन्हीकडे पुढे लांबच लांब जातो, तो आपला गुणसूत्रातला डीएनए. एक माणूस झिरो माईलला उभा, तोंड व्हरायटी चौकाकडे. दुसरा व्हरायटी चौकात उभा, तोंड झिरो माईलकडे. हे दोन प्रायमर. प्रत्येकजण चालत जातो आणि पायाखालचा रस्ता नव्यानं तयार करत जातो.

पहिल्या फेरीत झिरो माईलवाला निघाला. व्हरायटी चौक आला, त्याला थांबायचं कारण काय? तो वर्धा रोडनं पुढे निघून गेला. पण त्यानं बनवलेला नवा रस्ता सुरू कुठून होतो? झिरो माईलपासून. त्याच्या मागे रस्ताच नाही.

दुसऱ्या फेरीत त्या नव्या रस्त्यावर व्हरायटी चौकात दुसरा माणूस उभा राहिला आणि झिरो माईलकडे निघाला. झिरो माईलला पोचला आणि थांबला, कारण पुढे पायाखाली रस्ताच नाही. त्यानं बनवलेला रस्ता व्हरायटी चौकात सुरू झाला आणि झिरो माईलला संपला.

म्हणजे एका प्रायमरनं जिथे सुरुवात केली, तेच दुसऱ्याच्या नकलेचं शेवटचं टोक ठरतं. थांबा म्हणणारं कोणी नसतं, ज्या पदरावरून नक्कल होते तो साचाच संपतो. पॉलिमरेजला एकाच दिशेनं बेस जोडता येतात आणि प्रायमर एकमेकांकडे तोंड करून असतात, म्हणूनच हे जमतं. एकच प्रायमर टाकला असता तर लांबी कधीच ठरली नसती आणि संख्याही दुप्पट होत गेली नसती. प्रत्येक चक्राला मूळ साच्यावरून एकेकच नवा पदर मिळाला असता.

गणित्या
वा सर! मी यावर आकडेमोड करतो.

पहिल्या चक्रानंतर दोन दुपदरी रेणू. दोन्हींत एक मूळ पदर आणि एक लांब पदर, म्हणजे एका टोकाला ठरलेला, दुसरीकडे मोकळा. दुसऱ्या चक्रानंतर चार. नेमक्या लांबीचे दोन पदर आता तयार झाले, पण एकेकटे, त्यांचा जोडीदार अजून लांब पदरच आहे. तिसऱ्या चक्रानंतर आठ, आणि त्यांतले दोन दोन्ही बाजूंनी नेमके. पेशीवेधी सरांनी सुरुवातीला "तिसऱ्या चक्रापासून" म्हटलं ते हेच.

लांब पदर फक्त मूळ पदरांवरूनच बनतात. मूळ पदर दोनच आहेत, त्यामुळे दर चक्राला फक्त दोन लांब पदर वाढतात. बाकी सगळे दुप्पट होत जातात. एका मूळ रेणूपासून सुरू केलं तर दहा चक्रांनंतर एकूण १०२४ रेणू, नेमके नसलेले २०. तीस चक्रांनंतर एकूण १,०७,३७,४१,८२४ आणि नेमके नसलेले ६०. एकशे सात कोटींत साठ! जेलवर ते दिसणार कुठून?

मिहानचा_संजू
लय भारी. म्हणजे टायमर पूर्णच बाद?

पिपेटवाली
पूर्ण नाही. ते साठ लांब पदर किती लांब होतात, ते बऱ्याच अंशी तुमचा टायमर ठरवतो 🙂 आणि वेळ फारच कमी दिला तर एन्झाइम पलीकडच्या प्रायमरच्या जागेपर्यंत पोचतच नाही, मग काहीच वाढत नाही. म्हणून पुरेसा वेळ द्यायचा.

मॅडम, अजून एक बारकावा. टॅक साचा संपल्यावर पुष्कळदा शेवटी एक जास्तीचा ए जोडतं, साच्यात नसलेला. क्लोनिंग करणारे त्या एका ए-चा उपयोग करून घेतात. बारावीला सांगायची गरज नाही, पण चौकस मुलीला सांगाच.

उन्हाळा_पंचेचाळीस
गणित्या, प्रत्यक्षात प्रत्येक चक्रात तंतोतंत दुप्पट होत नाही ना?

गणित्या
नाही. १९८५च्या निबंधातच बघा. २० चक्रांत सुमारे २,२०,००० पट वाढ मिळाली. तंतोतंत दुप्पट झाली असती तर १०,४८,५७६ पट हवी. उलटा हिशेब केला तर दर चक्राला साधारण १.८५ पट येतं. प्रत्येक चक्रात थोडंसं कमी पडलं तर विसाव्या चक्राला फरक जवळजवळ पाचपट होतो.

पेशीवेधी
आणि शेवटच्या चक्रांत वाढ मंदावतेच. टॅक थकतं, ९५ अंशांवर साधारण चाळीस मिनिटांत त्याची निम्मी ताकद जाते. प्रायमर आणि सुटे बेस संपत येतात. तयार तुकडे इतके होतात की प्रायमर चिकटायच्या आत तेच एकमेकांना चिकटतात. म्हणून चक्रं चाळीसच्या पुढे नेऊन फायदा नाही. उलट नळीत कुठून तरी आलेला परका डीएनए दिसू लागतो. मी ज्या एका लॅबमध्ये होतो तिथे डीएनएऐवजी नुसतं पाणी घातलेल्या नळीतही पट्टी यायला लागली होती. आधीच्या पीसीआरचा माल पिपेटमधून हवेत उडून सगळीकडे बसला होता. खोल्या वेगळ्या केल्या, पिपेट वेगळे केले, तेव्हा ती पाण्याची नळी स्वच्छ झाली. पाण्याची नळी लावल्याशिवाय दिलेल्या कुठल्याही पीसीआर रिपोर्टवर मी विश्वास ठेवत नाही.

जीवशास्त्रवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. उद्या वर्गात कागदाच्या दोन रंगांच्या पट्ट्या घेऊन जाते. मूळ पदर पांढरे, प्रायमरची टोकं रंगीत. पहिली तीन चक्रं मुलांकडूनच करून घेते, म्हणजे आठातले दोन नेमके तुकडे त्यांना स्वतःच सापडतील. आणि जनुक सिकलसेलचंच घेईन. वर्गात काही मुलांच्या घरी हा आजार आहे, त्यांना या धड्याची गरज सगळ्यांत जास्त आहे.

सिस्टरबाई_सक्करदरा
हो, पण कोणाचंही नाव वर्गात घेऊ नका मॅडम. कोण वाहक आहे हे गावात कळलं की मुलींच्या लग्नाला अडचण करतात लोक.

जीवशास्त्रवाली
नाही घेणार सिस्टर. बरं झालं आठवण दिलीत. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे आधी ठळक सांगेन.

काटोलकर
मी सोमवारी नागपूरला येऊन राहिलो पानं घेऊन. कशी आणू? कोवळी का जून?

पिपेटवाली
भाऊ, चट्टे पडलेली पूर्ण वाढलेली पानं आणा, देठासकट. तपासणी मधल्या शिरेवर आणि देठावर होते, कारण जिवाणू अन्नवाहिन्यांत असतो. एकाच फांदीची नको, झाडाच्या चारी बाजूंनी घ्या, तो झाडभर सारखा पसरलेला नसतो. प्रत्येक झाडाची पिशवी वेगळी, वर झाडाचा नंबर. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना कात्री ब्लीचच्या पाण्यानं पुसा, नाहीतर एकाचा रोग दुसऱ्याच्या रिपोर्टात दिसेल. थर्मासमध्ये बर्फावर ठेवून आणा, गाडीच्या डिकीत नको. एक चांगलं दिसणारं झाडही घ्या. जाण्याआधी संस्थेत फोन करून नमुने कोणत्या दिवशी घेतात ते विचारा.

काटोलकर
कलमं ज्या रोपवाटिकेतून आणली त्यांच्याकडे मातृवृक्ष आहे. जंबेरीच्या खुंटावर डोळे तिथूनच भरले होते. त्याची पण पानं मागू का?

पिपेटवाली
मागा. ती सगळ्यांत आधी तपासून घ्या. डोळ्यातूनच रोग आला असेल तर ज्यांनी ज्यांनी तिथून कलमं नेली त्या सगळ्यांना कळवावं लागेल.